कोल्डर, हॉटर आणि विथर

यांना अर्धांगाचा झटका आला त्या सकाळी हे बेसिनपाशी दाढी करत होते आणि मी आत पोह्यांना फोडणी देत होते. ब्रश खाली पडल्याचा आवाज आला म्हणून बाहेर येऊन पाहिलं, तर हे भिंतीला टेकून उभे, अर्ध्या गालावर साबण, आणि मला काहीतरी सांगायचा प्रयत्न करत होते. तोंडातून नुसता आवाज येत होता. शेजाऱ्यांनी गाडी काढली. वेळेत आणलंत, असं डॉक्टर नंतर म्हणाले.

जीव वाचला. उजवा पाय थोडा ओढत चालायचे, उजव्या हाताची पकड सैल झाली होती. पण खरं नुकसान झालं ते बोलण्याचं. राजारामपुरीतल्या आमच्या फ्लॅटवर यांना घरी आणलं, तेव्हा हे सगळ्यांना ओळखत होते, घड्याळात वाजले किती ते बघून गोळ्या मागत होते, मुलाचा बंगळूरहून फोन आला की हसत होते. फक्त वस्तूंची नावं येत नव्हती. चमचा हातात घ्यायचे, त्यानं खायचे, पण 'हे काय आहे?' विचारलं की चेहरा कोरा.

"घरात एखादी वस्तू हरवते ना, तसं समजा," डॉक्टर मला म्हणाले होते. "वस्तू घरातच असते. कुठं ठेवलीय ते आठवत नाही."

मी नोकरीभर कॉलेजात इंग्रजी शिकवलं. हे कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका फौंड्रीत, म्हणजे लोखंडाच्या ओतकामाच्या कारखान्यात, प्रॉडक्शन मॅनेजर होते. दोघं निवृत्त झालो होतो. भाषा हा माझा प्रांत आणि लोखंड हा यांचा, अशी आमच्या घरात पहिल्यापासून वाटणी होती. ती एकदाच मोडली होती, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात. हे कामावरून आले आणि म्हणाले, "उद्या लवकर जायचंय, डिस्पॅच प्रीपोन झालाय." मी हातातलं काम सोडून सांगितलं, की पोस्टपोन असा शब्द आहे, प्रीपोन असा शब्द इंग्रजीत नाही.

"आमच्या फौंड्रीत सगळ्यांना कळतो," हे म्हणाले.

"कळला म्हणजे शब्द होत नाही."

"मग काय झाल्यावर होतो?"

मी काहीतरी उत्तर दिलं असणार, आता आठवत नाही. पुढं तो शब्द वर्तमानपत्रांत आला, मग शब्दकोशांत आला, आणि एका जूनमध्ये मी स्वतः फळ्यावर लिहून मुलांना समजावत होते, की जुन्या शब्दाच्या साच्यात नवा शब्द असा ओततात. पोस्ट म्हणजे नंतर, प्री म्हणजे आधी. घरी येऊन यांना सांगितलं, तर हे म्हणाले, "साचा आमचा शब्द हाय, तेवढं लक्षात ठेव."

यांना दवाखान्यातून घरी आणल्यानंतरचे पहिले दिवस असेच दुरुस्त करण्यात गेले. मी सकाळी उठून वस्तूंकडं बोट दाखवायची, नाव सांगायची, यांना म्हणायला लावायची. एका दुपारी हे झोपेतून उठून स्वयंपाकघरात आले, फ्रिजच्या दारावर हात ठेवला आणि माझ्याकडं बघत म्हणाले, "कोल्... कोल्डर."

"काय पाहिजे?"

"कोल्डर. पाणी."

मी ग्लास भरून दिला. तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण सवय गेली नव्हती. "फ्रिज," मी म्हणाले. "म्हणा बघू, फ्रिज."

"कोल्डर."

"कोल्डर नाही हो. फ्रिज."

यांनी प्रयत्न केला. खालचा ओठ 'फ'साठी दाताला लागला आणि तिथंच राहिला. ग्लास ओट्यावर तसाच ठेवून हे बाहेर निघून गेले.

रात्री भांडी आवरताना मला त्या शब्दाचं हसू आलं आणि मग त्याच्यावर विचार करत राहिले. इंग्रजीत 'अर' नावाचं एक लहानसं शेपूट आहे. कामाच्या शब्दाला जोडलं की काम करणारा तयार होतो. टीचला जोडलं की टीचर, मिक्सला जोडलं की मिक्सर. बारावीच्या मुलांना हे शिकवताना मी कधी घड्याळाकडंही बघितलं नाही, इतकं ते सोपं. पण यांचं सगळं आयुष्य त्या शेपटांच्या संगतीत गेलं होतं. फौंड्रीत ग्राइंडर, क्रशर, ब्लोअर, कन्व्हेयर, जे काम करतं त्याच्या नावाला अर. फ्रिज थंड करतो, मग तो कोल्डर. नाव हरवलं होतं, पण नाव कसं तयार करायचं ते यांच्या डोक्यात शाबूत होतं.

हे मला तेव्हा कळलं खरं, तरी माझं दुरुस्त करणं थांबलं नाही. गॅसची शेगडी 'हॉटर' झाली. बाथरूममधला गीझरही हॉटरच. मोबाइल 'रिंगर' झाला. रात्री झोप आली नाही की सकाळी म्हणायचे, "अनस्लीप." आणि मी प्रत्येक वेळी बरोबर शब्द सांगून पुन्हा म्हणायला लावायची. मला वाटायचं, एकदा का हे चुकीचे शब्द पक्के झाले की खरे परत येणारच नाहीत. हळूहळू हे बोलेनासे झाले. पाणी पाहिजे असेल तर ग्लास उचलून दाखवायचे. गॅलरीत खुर्चीवर बसून समोरच्या कोचिंग क्लासच्या मुलांच्या गाड्या बघत राहायचे. चार वाजता क्लास सुटला की गल्लीत इतका गलबला व्हायचा, आणि आमच्या घरात घड्याळाची टिकटिक.

वाचा-उपचार करणारी मुलगी आमच्या घरापासून थोड्याच गल्ल्या पलीकडं, एका मेडिकलच्या वरच्या मजल्यावर बसायची. गडहिंग्लजकडची होती, वयानं माझ्या शेवटच्या बॅचच्या मुलींएवढी. तिनं पहिल्या भेटीत यांच्याशी बराच वेळ गप्पा मारल्या. गप्पा म्हणजे ती बोलायची आणि हे मान हलवायचे. मग मला विचारलं, "घरी काका कितपत बोलतात?"

"आता बोलतच नाहीत."

"आधी बोलत होते?"

मी तिला कोल्डर, हॉटर, रिंगर सगळं सांगितलं. मी कसं दुरुस्त करते तेही सांगितलं, जरा अभिमानानंच.

"काकू, तुम्ही शिकवत होता काय कुठं?"

"कॉलेजात. इंग्रजी."

"मग आता थोडे दिवस रजा घ्या," ती हसून म्हणाली. "चुका काढायचं काम माझ्याकडं द्या. घरात तुम्ही नुसतं बोला. त्यांनी कोल्डर म्हटलं आणि तुम्हाला कळलं, तर पाणी द्या. बोलायची इच्छा राहिली पाहिजे. इच्छा राहिली तर शब्द येतील."

हे ऐकत होते. तिच्याकडं बोट करून म्हणाले, "टॉकर." बऱ्याच दिवसांनी निघालेला तो पहिला शब्द.

"मी टॉकर? बरं," ती म्हणाली. "चालेल की."

मला ते लगेच जमलं असं नाही. शब्द माझ्या जिभेवर यायचा आणि मी ओठ मिटून घ्यायची. मदत झाली ती यांच्या मित्राची. ते गृहस्थ जवळच्याच गडमुडशिंगी गावचे. फौंड्रीत क्वालिटीचं खातं त्यांच्याकडं होतं, यांच्याबरोबरच निवृत्त झाले आणि आता घरची शेती आणि म्हशी बघायचे. आवाज असा, की खाली रिक्षातून उतरले की वर कळायचं. दर रविवारी दूध घेऊन यायचे.

त्या रविवारी ते आले, किटली माझ्या हातात दिली आणि सोफ्यावर बसले. "काय साहेब, काय म्हणतंय तब्येत?"

यांनी किटलीकडं बघितलं. "दूध. कोल्डर."

"कोल्डरमदी ठिवू व्हय? ठिवतो की." ते उठले, माझ्या हातातनं किटली घेतली, फ्रिज उघडून आत ठेवली आणि परत येऊन म्हशीच्या औषधाचं बोलणं सुरू केलं. त्यांना त्यात काही वेगळं वाटलंच नाही. ते गेल्यावर मी विचार केला, यांच्या फौंड्रीत हेच चालायचं. परदेशातून मशीन यायचं, पाटीवर हातभर नाव असायचं, आणि संध्याकाळपर्यंत पोरांनी त्याचं दोन अक्षरांत नाव पाडलेलं असायचं. इंग्रजांनी तरी दुसरं काय केलं? टेलिफोनचं डोकं उडवलं आणि फोन ठेवला. ऑम्निबस नावाच्या लांबलचक लॅटिन शब्दाचं फक्त शेपूट ठेवून बस केली, आणि आज आपण राजारामपुरीच्या स्टॉपवर तिची वाट बघतो.

मित्राबरोबर यांचं बोलणं खुललं. एकदा हे हातानं वाटी दाखवून त्यांना म्हणाले, "व्हाइट... व्हाइटगरम."

"काय ते?"

"व्हाइटगरम. वाटी. फू." यांनी फुंकर मारून दाखवली.

"पांढरा रस्सा व्हय?" मित्रानं मांडीवर थाप मारली. मग माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. डॉक्टरांनी खोबरं, तेल, मीठ सगळ्यालाच हात राखून म्हणून सांगितलं होतं. "वहिनी न्हाय म्हणत्यात," ते यांना म्हणाले. पुढच्या रविवारी मात्र दुधाबरोबर एक छोटा डबा आला. "खोबरं नावालाच घातलंय, वहिनी. आमच्या मंडळींनी मुद्दाम येगळं केलंय. दोन चमचं घेऊ द्या." यांनी दोनच चमचे घेतले आणि डोळे मिटून बसले. व्हाइटगरम. दोन शब्द शेजारी ठेवले की तिसरा तयार होतो, हेही मीच शिकवलं होतं, टूथब्रश आणि रेल्वेची उदाहरणं देऊन. पण तिथं दोन्ही तुकडे इंग्रजी असायचे. इथं एक तुकडा इंग्रजी आणि एक आपला, आणि सांधा कुठं दिसत नव्हता.

उपचार सुरू होऊन काही महिने झाले असतील. उपचार करणाऱ्या त्या मुलीनं एके दिवशी माझा मोबाइल मागून घेतला आणि घरचे फोटो यांच्यासमोर धरले. मुलाचा फोटो बघून हे म्हणाले, "पोरगा." सुनेच्या फोटोला थोडा वेळ लागला, पण "सून" म्हणाले. नातीला "छोटी." मग माझा फोटो आला. मागच्या दिवाळीचा, गॅलरीत काढलेला.

हे बघत राहिले. मी शेजारच्याच खुर्चीवर होते. "घाई नाही काका," मुलगी म्हणाली. यांनी एकदा माझ्याकडं बघितलं, पुन्हा फोटोकडं बघितलं, ओठ हलले.

"विथर," हे म्हणाले.

"काय म्हणालात?"

"विथर." या वेळी जोरात.

मुलीनं माझ्याकडं बघितलं. मी खिडकीबाहेर बघायला लागले. इंग्रजीत 'विदर' म्हणजे कोमेजणं, सुकून जाणं. उच्चार थोडा वेगळा होता, पण झटक्यानंतर यांचे उच्चार इकडंतिकडं व्हायचेच. त्या महिन्यांत मी केस रंगवणं सोडून दिलं होतं, वजन उतरलं होतं, ब्लाउज खांद्यावरून घसरत होते. आरशात मला जे दिसत होतं तेच हे बोलले होते. रागवायचं कुणावर? रिक्षातून येताना यांनी माझ्या हातावर हात ठेवला, मी तो काढला नाही, पण बोललेही नाही. घरी आल्यावर भात लावला. यांना वाढलं. मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हे चप्पल घालून दारात उभे राहिले. डॉक्टरांनी रोज खाली उतरून थोडं चालायला सांगितलं होतं, आणि आमच्याकडं लिफ्ट नाही. एकट्यानं जिना उतरायला हे अजून घाबरत होते. माझ्यापुढं हात करून म्हणाले, "विथ?"

रोजच असं विचारायचे. 'चल माझ्याबरोबर'साठी हा यांचा शब्द होता, आणि मी इतके दिवस तो ऐकून नुसती किल्ली घेऊन निघत होते. त्या दिवशीही किल्ली घेतली, यांचा हात धरला, आणि पहिल्या वळणावर मध्येच थांबले.

"काल तुम्ही मला विथर म्हणालात," मी म्हणाले. "म्हणजे विथ... आणि अर? बरोबर असणारी?"

यांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू फौंड्रीत कुणी विचारलंय की लोखंड गरम असतं काय.

"मग?" हे म्हणाले.

इंग्रजीत विथला अर लागत नाही. ते शेपूट कामाच्या शब्दाला लागतं, आणि विथ हा कामाचा शब्द नाही. परीक्षेत कुणी लिहिलं असतं तर मी लाल रेघ मारली असती. जिन्यात मी यांना थोडा वेळ थांबायला सांगितलं, पदरानं डोळे पुसले, आणि मग आम्ही खाली उतरून कोपऱ्यावरच्या दवाखान्यापर्यंत चालत गेलो आणि परत आलो. पुढच्या भेटीत मी मुलीला त्याचा अर्थ सांगितला. तिनं पेन खाली ठेवलं. मग म्हणाली, "काका, आता खरा शब्द पण शिकू या. नाहीतर काकू रजा मोडून कामावर येतील." 'बायको' हा शब्द यायला बराच काळ लागला. मी त्याची घाई केली नाही.

शब्द येत गेले, पण एका रांगेत आले नाहीत. आधी खाण्याचे आले, मग रागाचे. 'गीझर' आला आणि एक दिवस गेला, पुन्हा आला. वर्ष उलटल्यावर एका सकाळी मी यांना म्हणाले, "कोल्डरमधलं दही काढता काय जरा?" हे दही घेऊन आले, वाटी माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाले, "फ्रिज म्हण की." मला तोवर इतकी सवय झाली होती, की फ्रिज म्हणायला मलाच क्षणभर थांबावं लागलं. अनस्लीप मात्र दोघांनीही ठेवला. निद्रानाश म्हटलं की आजार वाटतो. अनस्लीप म्हणजे नुसतंच, काल झोप लागली नाही.

या वर्षी उन्हाळ्यात यांच्या मित्राच्या मुलीचं लग्न गडमुडशिंगीला झालं. आदल्या दिवशी हळदीला आम्ही गेलो. अंगणात मांडव, आत बायकांची गडबड. मी स्वयंपाकघराच्या दारात बसून आल्या-गेल्या बायकांशी बोलत होते. तेवढ्यात नुकतीच लग्न होऊन आलेली एक सून आतून म्हणाली, "आत्या, श्रीखंड कुठं ठेवू?"

"कोल्डरमदी ठेव, खालच्या कप्प्यात," कुणीतरी सांगितलं.

ती गेली आणि ठेवून आली. कोल्डर म्हणजे काय ते तिनं विचारलं नाही. मी तिला जवळ बोलावलं. "कोल्डर म्हणजे काय गं?"

तिला वाटलं, मी शहरातली बाई, हिला माहीत नसावं. "फ्रिज ओ काकू. आमच्यात कोल्डरच म्हणत्यात."

"कुणी काढला हा शब्द?"

"काढायचा काय त्यात? म्हणत्यातच की पहिल्यापासनं."

तिचा पहिल्यापासनं म्हणजे लग्न झाल्यापासून. तिनं यांना त्या दिवसापर्यंत बघितलंही नव्हतं. मुलांना मी सांगायची, शब्द पुस्तकात छापला म्हणून शब्द होत नाही, ज्याला त्या शब्दाचा बाप माहीत नाही असा माणूस तो वापरतो तेव्हा होतो. सांगायची, पण डोळ्यांनी असं कधी बघितलं नव्हतं. मी बाहेर पुरुषांत जाऊन यांना हळूच सांगितलं. हे म्हणाले, "बरं." मग मित्राकडं वळून मांडवाच्या दोरीला गाठ नीट बसली नाही म्हणून दाखवू लागले. यांना त्याचं फार काही वाटलं नाही.

परत निघताना गाडी लग्नासाठी बंगळूरहून आलेला मुलगा चालवत होता. हे पुढं बसले होते. फाट्यावर यांनी मुलाच्या हाताला स्पर्श केला आणि कागलच्या बाजूला बोट दाखवलं. मुलगा मागं वळून माझ्याकडं बघू लागला. मी म्हणाले, जाऊ या की तिकडं, वेळ आहे.

फौंड्रीच्या गेटसमोर गाडी थांबवली. शिफ्ट चालू होती. आतून तोच आवाज, तोच साच्यांतल्या जळक्या वाळूचा वास. हे उतरून गेटपर्यंत गेले, पाय ओढत, आणि जाळीला हात लावून उभे राहिले. मी दोन पावलं मागं राहिले. गेटवरचा माणूस नवा होता. यांना ओळखायचं त्याला काही कारण नव्हतं.

"पावणं, कुणाकडं आलाय?" त्यानं विचारलं.

मी पुढं होऊन सांगायला तोंड उघडलं, आणि मिटलं. हे शब्द शोधत होते. गेटवरचा माणूसही थांबला.

"कुणाकडं न्हाय," हे म्हणाले. "हितं काम करत हुतो. बघायला आलतो."

झटक्यानंतर एका दमात निघालेलं यांचं इतकं लांब बोलणं मी पहिल्यांदाच ऐकत होते, आणि त्यात कुठंही इंग्रजीचं शेपूट नव्हतं. आलो होतो, हे दोन शब्द. आपल्याकडं माणसांनी ते केव्हातरी घाईत एकत्र वितळवले आणि आलतो असा एकच ओतला. मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या भाषेतले सांधे दाखवत आले. हा सांधा माझ्या सासरच्या माणसांच्या तोंडात रोज होता.

गेटवरच्या माणसानं आतली खुर्ची बाहेर आणून सावलीत ठेवली. "बसा की मग," तो म्हणाला. "बघा निवांत."

हे बसले. मुलानं गाडी बाजूला लावली. आतला ब्लोअर चालू-बंद होत होता, आणि हे प्रत्येक वेळी मान किंचित हलवून ऐकत होते.